मास्तरांचं जाड पाकीट

॥ सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मुरुड, जि. लातूर
दि. ३० एप्रिल १९८६

चि. संगप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद.

दानम्मा काकूंबरोबर नांदेडहून पाठवलेली तूरडाळ पाच किलो व लोणच्याची बरणी पोचली. स्टँडवरून टांग्याला दोन रुपये पडले. इथं टँकर आठवड्यातून दोनदा येतो. आम्ही बरे आहोत.

टपालानंही काही आलं. तू कॉलेजात शिकवतोस, तुला यातलं कळतं म्हणून विचारते. तुझ्या दाजींनी अठरा विहिरींचं पाणी तीन उन्हाळे मोजून त्यावर लेख लिहून पुण्याच्या त्रैमासिकाला धाडला, तो तुला ठाऊक आहे. दिवाळीत कार्ड आलं, ‘लेख पोचला.’ संक्रांतीला दुसरं, ‘लेख परीक्षकांकडे आहे.’ हे रोज पोस्टमनला टोमणा मारायचे, “काय रे, आमची गल्ली वाळीत टाकली का?”

परवा तिसरं आलं. पत्त्यात अजून जुनाच जि. उस्मानाबाद, म्हणून तिकडं फिरून अकरा दिवसांनी. ‘सुधारित लेखाची वाट पाहत आहोत. ३१ मे पर्यंत न आल्यास तो आपण मागे घेतला असे समजू.’

हे शाळेत होते. कार्ड मी घेतलं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी एक रजिस्टर आलं होतं. पोस्टमन म्हणाला, “वैनी, सही करा, मास्तरांचं जाड पाकीट हाय.” उघडलं तर ह्यांचाच लेख, लाल खुणा केलेला. वर चिठ्ठी. ती मी वाचली नाही. आपल्या धाकट्या लक्ष्मम्माचं पत्रिकेचं टिपण तीन स्थळांकडून परत आलं, दरवेळी वर गोड चिठ्ठी असायची, आई ती वाचायचीसुद्धा नाही. टिपण परत आलं म्हणजे नकार. मी पाकीट ट्रंकेत लुगड्याखाली ठेवलं. ह्यांना दुःख नको म्हणून.

परवा चिठ्ठी वाचली. लेख चांगला आहे, सुधारून पाठवा, असं आहे. सुधारून म्हणजे घेणारच, की पुन्हा परीक्षा? परीक्षकांनी एकच गोष्ट मागितली आहे. पहिल्या उन्हाळ्याचे, त्र्याऐंशीचे आकडे, विहीरवार.

संगप्पा, त्या आकड्यांची वही आता नाही.

पाडव्याला हे म्हणाले, “कुणी विचारत नाही. विहिरीच आटल्या, आकडे काय चाटायचे? घाल त्या वह्या चुलीत.” मला वाटलं, नकार आलाच आहे, ह्यांचं मन मोकळं होईल. मी घातली. पहिल्या उन्हाळ्याचीच वर होती. भाकरी भाजून झाल्या. दुसरी वही घ्यायच्या आत ह्यांनी हात धरला.

त्या उन्हाळ्यात विहिरीत दोरी तू सोडायचास आणि हात मोजून तूही लिहायचास. तुझ्याकडे काही उतरवलेलं असलं तर आहे, नसलं तर नाही, एवढं उलट टपाली कळव. पत्र माझ्या नावानं घालू नकोस, ह्यांच्या नावानं घाल, आणि पाकिटाचं, कार्डाचं मी लिहिलं ते सगळं त्यात लिही. माझ्या तोंडून निघत नाही.

तुझी अक्का,
महानंदा