‘पूर्ववत’च्या जागी ‘टाकून द्या’

सातारा,
९ जानेवारी २०२५

प्रिय धन्यकुमार,

सप्रेम नमस्कार. गुणमालावहिनींचा गुडघा कसा आहे? दरवर्षी या दिवसांत तू आष्ट्याहून ओला हरभरा पाठवतोस. यंदा आला नाही. का, ते विचारत नाही.

कॉलेजात असताना आपण वक्तृत्व स्पर्धांना एसटीनं सांगलीला जायचो, आठवतं? मागच्या सीटवर तू मुद्दे लिहून द्यायचास, मी स्टेज दणाणून सोडायचो. परतताना तू म्हणायचास, “आवाज लय भारी गड्या, पण कुणाला काय कळलं का रं?” मी हसायचो.

मराठी संगणकावर आलीच पाहिजे, यावर मी आजही तसूभर हटणार नाही. म्हणून तर आपण त्या सॉफ्टवेअरची मराठी मार्गदर्शिका लिहायला घेतली. प्रोग्राम लिहिणारे जे बदल करतात, त्या प्रत्येकाची नोंद ठेवणारं ते सॉफ्टवेअर. त्यातली एक आज्ञा जुना बदल उलटवते, पण नोंदी जपते. दुसरी, नोंद न केलेलं काम कायमचं घालवते. दुसरीला तू लिहिलंस, ‘टाकून द्या. परत मिळणार नाही.’

मार्गदर्शिकेच्या सांगलीतल्या बैठकीत मी उठून म्हणालो, “ही मार्गदर्शिका आहे का उकिरडा?” सगळे हसले. तू चष्मा पुसत राहिलास. एवढंच म्हणालास, “इंद्रजित, वाचणाऱ्याचं काम जाईल रं.” मी दोन्ही आज्ञांना एकच रुबाबदार शब्द दिला, ‘पूर्ववत करा’. त्या दिवसापासून तू बैठकीला आला नाहीस.

परवा शिरवळच्या एका कंपनीतून शिवांजली नावाच्या मुलीचा फोन आला. आपली मार्गदर्शिका वाचून तिनं ती दुसरी आज्ञा दिली. अकरा दिवसांचं काम गेलं. “सर, पूर्ववत म्हणलंय, मग परत मिळंल असंच वाटलं की. माझंच चुकलं असंल.”

धन्या, फोन ठेवला आणि तुझं जुनं वाक्य शोधून काढलं.

काल तुझं वाक्य जसंच्या तसं परत घातलं. आपली मार्गदर्शिकाही त्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली, प्रत्येक बदलाचं कारण विचारणारी; त्या कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘धन्यकुमार यांचे शब्द बरोबर होते. मी ते हसण्यावारी नेले.’ मागची नोंद खोडून चूक लपवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी ती वापरली नाही. कुणी काय खोडलं, ते कुणीही पाहावं.

येत्या महिन्यात सांगलीला पुन्हा बैठक आहे. ज्यांच्यासमोर तुझं हसं केलं, त्यांच्यासमोरच ही नोंद वाचणार आहे. तू ये, नको येऊस, मी वाचणारच. अजून चाळीसेक शब्द तपासायचे राहिलेत. तुझ्याशिवाय एकालाही हात लावणार नाही.

तू म्हणशील तर अजून तुझाच,
इंद्रजित