माळावरचं अंजन

५ जुलै, रवि.
सकाळी तिन्ही रानांची चिमूट चिमूट माती तळहातावर घेऊन बसले. काळ्या रानाची हात धुतला तरी नखात राहते. ओढ्याकडची चोपण, जिभेला खारट. माळाचा नुसता मुरूम, बोटांतून गळून जातो. तिघी बहिणी, पण एकीची चोळी दुसरीला होणार नाही. चांदणी मागून आली नि तळहात चाटून गेली. गाय माझी, पण चव घेताना विचारत नाही.

७ जुलै
बाळूचा सोलापुरातून फोन. चादरीच्या कारखान्यात माग चालू असतात, म्हणून पोरगं ओरडून बोलतं. "आई, दिवाळीपतोर बघ. विकतच्या वैरणीवर गाय न्हाय परवडत. सुरेखाकडं माढ्याला धाड की, तितं उसाचं वाढं हाय." लेकीकडे चं. सुखात राहील, खरं आहे. पण पहाटे उठून मी कुणाशी बोलू?
काळ्या रानात धाकटे दीर ज्वारी घेतात, ते मोडायचं नाही. मला उरला माळ नि चोपण. ठरवलं: चोपणीला पॅरा गवत, ते ओलीत तगतं. न्हाणीच्या पाण्यावर नेपियर गवताची चार बेटं. माळाला अंजन गवत.

१० जुलै
भावजी हसून हसून ठसकले. "माळाच्या डोळ्यात अंजन घालता व्हय वहिनी? त्याला काय दिसणार हाय?"
म्हटलं, त्याला नको, मला दिसू दे.
तरी स्वतःच पाभर घेऊन आले. ज्वारीचा हात. ओल धरून खोल पेरायला लागले. बी तर पिसासारखं, फुंकरीने उडणारं. मी म्हटलं वर वर टाका.
"बी उघडं टाकत्यात व्हय? लाज हाय का न्हाय त्याला?"

२६ जुलै
माळ कोराच. उकरलं, बी खोलात कुजलेलं. भावजी बांधावर बसले, टोपी काढून. "माझा हात जड हाय वो." चहा दिला. मग उरलेलं बी ओलसर मातीत मिसळून दोघांनी फेकलं, वरून बाभळीची फांदी ओढली. झाली पेरणी. लहानपणी भातुकलीत अशीच करायचो.

१४ ऑगस्ट
दुपारी डोळा लागला. स्वप्नात माळ चालत होता, संथ, गाभण गाईसारखा. चं. त्याच्या पाठीवर उभी. मी खालून हाक मारते तर तोंडातून वाऱ्याचा आवाज.
उठून गेले. हिरवं! केसाएवढं. वाकून तिरपं बघितलं तरच दिसतं. उभं राहिलं की परत मुरूम. वाकूनच फिरले.

२० सप्टें.
अंजन गुडघ्याला. जांभळट तुरे. पण पहिल्या वर्षी त्यात जनावर घालायचं नाही, कापायचंही नाही. बी झडू द्यायचं, नाहीतर पुढल्या साली माळ उघडाच. पॅरा नि नेपियर यंदापुरतं ओढून नेतील वाटलं होतं. पॅरा दोन कापण्यांत दमला. नेपियर म्हणजे चं.ची न्याहारी.

४ नोव्हें.
बाळू आला. माळावर कितीतरी वेळ उभा. "आई, हे आपलं हाय?"
मग म्हणाला, "कापून घाल की." सगळं सांगितलं. एक तुरा तळहातावर चोळून बघितला. "मग वरीसभर गाय माढ्याला. गवत बी राहील, गाय बी."
सुरेखा फोनवर, "आये, वरसानं आणून सोडते. शब्द."
वर्षाने चं. मला ओळखेल. मी इथे असेन का, हे कुणी बोललं नाही.

६ नोव्हें.
आज टेंपो येणार. विळा घेऊन माळावर आले. चं. दाव्यासकट मागोमाग. वाऱ्याने सगळं अंजन एका कुशीवर होतं, परत उठतं. थोडं बी झडलंय, बरंचसं तुऱ्यातच. एका पेंढीने माळ उघडा पडणार नाही. एका पेंढीने गाय राहणारही नाही.
चं.ने मान लांब केली, वास घेतला. तोंड घातलं नाही. माझ्याकडे बघतेय, मी काय म्हणते म्हणून.
विळा बाजूला ठेवून हे लिहितेय. खालून भावजींची हाक, "वहिनी, टेंपो आला वो!"
आले, म्हणून ओरडले. उठले मात्र नाही.