हिवाळी पेट्रोलचा साठा

१८ ऑक्टोबर २०२१, वेरिबी, मेलबर्न, ऑस्ट्रेलिया
निर्णय पक्का. नोव्हेंबरपासून पंपावर उन्हाळी पेट्रोल येणार. हिवाळी पेट्रोलमध्ये स्वस्त ब्युटेन जास्त घालतात, थंडीत गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून. उन्हात ते उडून जातं, म्हणून मग कमी करतात आणि भाव चढतो. पब्लिकला याचा पत्ता नाही. चार कॅन भरून आणले. गॅरेजमध्ये, नाताळच्या गोठ्याच्या खोक्यामागे. बायकोला, लिझाला, आत्ताच सांगायचं नाही.

२० ऑक्टोबर
लिझा काम करते त्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये करोनाच्या केसेस. आमची ॲबिगेल आठ वर्षांची, तिला अजून लस नाही. म्हणून लिझाने आपली कॉट गॅरेजमध्ये हलवली. आता आली पंचाईत. उद्या ती शिफ्टला गेली की कॅन काढतो.

२१ ऑक्टोबर
मीटिंग लांबली. झाकणं घट्ट आहेत.

२४ ऑक्टोबर, रविवार
चर्चची ऑनलाइन मिसा. लिझा म्हणाली, डोकं दुखतंय आणि पेट्रोलचा वास येतोय. मी म्हटलं, लॉनमोवर असेल. शिवाय वास येतोय म्हणजे करोना नाही, देवाची कृपा! तरी टेस्टला गेलीच. शिफ्ट बुडली.

२९ ऑक्टोबर
टेस्ट निगेटिव्ह. डोकं तसंच. ऊन वाढलंय, कॅन टम्म फुगलेत. एकेकाचं झाकण सैल करून ठेवलं. सेफ्टी फर्स्ट.

२ नोव्हेंबर
मेलबर्न कपच्या घोडेशर्यतीची सुट्टी. भाव वाढले! मी म्हटलं नव्हतं? लिझा म्हणाली, जगभर क्रूड महागलंय, बातम्या बघत जा. मग उलटी झाली तिला. पुन्हा टेस्ट. ॲबिगेलने काचेतून विचारलं, "Mummy, are you going to die?" मला ते अजिबात आवडलं नाही. उद्या नक्की काढतो.

४ नोव्हेंबर
दुसरी टेस्टही निगेटिव्ह. पंखा शोधताना लिझाला कॅन सापडले. ब्युटेनचं सगळं गणित समजावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बॅग भरून सोबत काम करणाऱ्या कॅरोलिनकडे राहायला गेली.

६ नोव्हेंबर, दुपार, इथल्या भाषेत arvo
कॅन उचलून पाहिले, हलके झालेत. म्हणजे जे स्वस्त म्हणून घेतलं तेच आधी उडालं. कॅन न्यायला माणूस सोमवारी येणार. मधल्या वेळात शटर लावून लिझाच्या कॉटवर पडून पाहिलं. डोकं भणभणलं, मळमळलं. लाज वाटली. फार.

लिझाला फोन केला. तिने विचारलं, ॲबिगेल जेवली का? म्हटलं, जेवली.

माझं डोकं दुखतंय हे सांगायचं धाडस झालं नाही.