मागाचं तेल

प्रिय मही,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं बरं आहे. अव्वाचं मनगट थंडीत दुखतं तेवढंच दुखतंय. फोनवर सांगावं म्हणून चारदा प्रयत्न केला, पण दर वेळी ‘जेवलीस का’ एवढं विचारून मी फोन अव्वाच्या हातात दिला. फोनवर जमत नाही, म्हणून लिहितोय. हे तीन वर्षांपूर्वीच्या त्या अपघाताबद्दल आहे. मंद्रूपच्या अलीकडे तुझ्या हातातली गाडी बाभळीवर गेली, शेजारी बसलेल्या तुझ्या आईचं, अव्वाचं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आणि त्या दिवसापासून तू स्टेअरिंगला हात लावला नाहीस. त्यातलं एक मी तुझ्यापासून लपवून ठेवलंय. सांगायची लाज वाटते, त्यामुळे जरा वळसे घेत सांगेन. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

तुझा बाप कसा आहे ते तुला ठाऊक आहेच. तेहेतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग अडला की मला, शरणबसवला, हाक मारायची, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं. नुसत्या खडखडाटावरून कुठला माग कुठे घासतोय ते मी दारातून सांगायचो. रिटायर झालो, ती जुनी पांढरी गाडी घेतली, आणि मला वाटलं, चाळीस माग सांभाळणाऱ्यानं चार चाकांसाठी मिस्त्रीच्या दारात का जावं? मोबाइलवर बघून बघून बॅटरीची टोकं सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, वायपर बदलले, सायलेन्सरचं भोक बुजवलं. ते पुढं महिनाभर टिकलं, म्हणजे मी अगदीच काही अडाणी नव्हतो. डावीकडच्या दाराची कडी मात्र जमली नाही. अव्वा उतरताना काच खाली करायची, हात बाहेर काढून दार उघडायची, आणि मी म्हणायचो, ‘चालतंय की.’ नव्या पेठेत खरेदीला गेलो तर लोक बघत राहायचे. किती पैसे वाचले ते मी कट्ट्यावर चार जणांना ऐकवायचो, आणि खरं सांगू, पैसे वाचण्यापेक्षा मला ते ऐकवणंच जास्त आवडायचं.

तू तेव्हा नुकतीच जनावरांची डॉक्टर झाली होतीस. गावोगाव जाऊन शेळ्या-मेंढ्या तपासायच्या म्हणून त्याच गाडीवर शिकलीस. महिन्याभरात तुझा हात असा बसला की टेंभुर्णीला लग्नाला जाऊन आल्यावर अव्वा शेजारणीला म्हणाली, ‘आमच्या ह्यांच्यापरीस पोरगी लई चांगली चालवती, पोटातलं पाणी हलत न्हाय.’ मी हसलो, पण मनात ते लागलं. बापाला असं लागायला नको होतं. आज सगळंच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो.

नंतर गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागायला लागला. बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक ऑइलची डबी अर्धी झालेली. दुकानात गेलो, दुकानदारानं सीलबंद डबा काढून दिला. मी तो उघडायला लावला, बोट बुडवून चोळून बघितलं. पातळ, पिवळसर, निसरडं. हे तर आपल्याच घरात आहे! कारखान्यातून येताना आणलेली मागाच्या तेलाची बाटली माळ्यावर होतीच. ज्या तेलावर तेहेतीस वर्षं माग चालले, त्यावर एक ब्रेक का नाही चालणार, असा माझा हिशेब. डबा परत केला, दुकानदाराच्या शिव्या खाल्ल्या, घरी येऊन ते तेल काठोकाठ ओतलं. दिवा विझला. तू मागे उभी होतीस. ‘अप्पा, ब्रेकचंच तेल घातलंत ना?’ असं तू विचारलंस. मी म्हटलं, ‘तू तुझ्या मेंढ्यांचं बघ, जॉबरला शिकवू नको.’ तू हसून आत गेलीस.

त्यानंतर नवव्या दिवशी मंद्रूपला मल्लप्पामामाच्या नातीचं बारसं होतं. माझी कंबर धरली होती, म्हणून तू आणि अव्वा दोघीच निघालात. पुढचं तू मला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगितलंस. मंद्रूपच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्त्यावर आला, तू ब्रेक दाबलास, पाय थेट खाली गेला, पुन्हा दाबलास, गाडी थांबेना. समोर मेंढरं आणि त्यांच्यामागे एक बाई. तू गाडी डावीकडे घातलीस. एकही मेंढरू दगावलं नाही, ती बाई वाचली. अव्वा मात्र डावीकडेच बसली होती, तिनं हात पुढे टेकला आणि तो मोडला.

चौथ्या दिवशी मी अजिनाथ मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो. गाडी ओढून तिथेच आणली होती. त्यानं ब्रेकमधली रबरं काढून फडक्यावर मांडली होती. भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली. ‘अण्णा, ह्यात काय वतलंय तुमी?’ त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं एक रबर उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाला, ‘हे तेल रबर खातंय की. आठ-दहा दिवसांत ब्रेक जाणारच. पोरीची काय बी चूक न्हाय.’ मही, हे शब्द मी त्या दिवशी ऐकले. तीन वर्षांपूर्वी. मी त्याला म्हटलं, बाहेर कुठं बोलू नको. तो ‘बरं’ म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्या गल्लीतून जात नाही.

तरी देवाशप्पथ सांगतो, घरी येताना मी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण दारात चपलांचा ढीग. अव्वाला बघायला अर्धं मंद्रूप आलेलं. मल्लप्पामामा भिंतीला टेकून म्हणत होता, ‘पोरीच्या हातात गाडी द्यायचीच कशाला?’ तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्याला सगळे हुशार समजतात असा माणूस त्या घरात मी एकटाच होतो, आणि ते मला सोडवेना. मी म्हणालो, ‘घाबरली असंल. ब्रेक समजून क्लच दाबला असंल.’ तू म्हणालीस, ‘न्हाई अप्पा, मी ब्रेकच दाबला होता की.’ आतून अव्वाही म्हणाली, ‘व्हय, मी बघितलंय.’ तिला मी म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतंय. मामानं मान डोलावली. तू चहा दिलास आणि आत गेलीस.

मला वाटलं होतं, चार दिवसांनी लोक विसरतील. लोक विसरलेही. पण दिवाळीत तू भांडी पुसता पुसता म्हणालीस, ‘अप्पा, खरंच क्लचवरच असेल का हो माझा पाय? आता मला आठवतच नाही.’ तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘जाऊ दे, झालं गेलं.’ वर तुझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात आठवला की आजही मला स्वतःची किळस येते. नंतर तू पुण्याला औषधांच्या कंपनीत टेबलाची नोकरी धरलीस. पोरगी एसीत बसते, असं मी कट्ट्यावर सांगितलं. इकडे अव्वाला कडक भाकरी थापता येईना, मनगट वळत नाही. ती विकतच्या भाकरी आणते आणि तुला फोनवर सांगते की थापायचा कंटाळा आलाय. ती तुला जपते आणि मी स्वतःला.

गेल्या रविवारी तू आली होतीस. दुपारी तुला मंद्रूपच्या एका संस्थेचा फोन आला, गावोगाव फिरणाऱ्या जनावरांच्या दवाखान्यासाठी डॉक्टर हवी म्हणून. मी पलीकडे पेपर वाचत होतो. तुझा आवाज आधी किती खुलला होता! मग त्यांनी गाडी स्वतः चालवावी लागेल असं सांगितलं असावं. तू म्हणालीस, ‘मॅडम, मला गाडी जमत नाही. माझ्यामुळे माझ्या आईचा हात गेलाय.’ शेवटी ‘बरं, विचार करून शनिवारी कळवते’ म्हणालीस, तेही मी ऐकलं. तू फोन ठेवलास, आणि मी पेपरचं पान उलटलं. तू गेल्यावर अव्वाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘माझ्या हाताचं मी बघून घेतलं. तिचं काय केलंसा तुमी?’ तेव्हापासून ती ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. काल एसटीनं मंद्रूपला जाऊन मल्लप्पामामाच्या घरी, त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना बोलावून सांगून आलो. मामा म्हणाला, ‘दाजी, हे आता सांगताय?’ मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, म्हणून ते मागत नाही. शनिवारी त्यांना नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण तुझ्या मनानं म्हण, माझ्या खोटेपणामुळे म्हणू नकोस. पोरी, तू ब्रेकच दाबला होतास.

तुझाच,
अप्पा