देवदाराच्या पानांत लपवलेलं नाव

तिसरा महिना, चौथा दिवस
सूचौ शहरात पोहोचले एकदाची! कालव्याकाठी कू गुरुजींचं पंख्यांचं चित्रघर आहे आणि वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी माझी बैठक. गोल चौकटीवर ताणलेल्या रेशमाला इथली कामवाली फांगकाकू सरस-तुरटीचा हात देते, इतका सफाईदार की शाई टेकवावी तिथेच राहते. जेवायला बांबूचे कोंब आणि भात. काकूने पहिल्याच घासाला विचारलं, विधवा ना गं तू, मग एवढी खातेस कशी? मी म्हटलं, नवरा गेला, भूक नाही गेली. दोघी पोट धरून हसलो.

तिसरा महिना, एकोणिसावा दिवस
इथला नियम कळला. डोंगर, धुकं, धबधबा मी काढायचा, शिक्का गुरुजींचा. चित्रात नाव घालायचं नाही, माणूसही काढायचा नाही. माणसाचं मी बघतो, गुरुजी म्हणतात. आज एक व्यापारी माझ्या धबधब्याकडे बघत म्हणाला, गुरुजी, सत्तरीतही काय हात आहे तुमचा! म्हातारा मान तुकवून हसला. माझ्या देखत! तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा दिवस मान मोडली ती माझी, आणि हात म्हणे त्याचा.

चौथा महिना, दुसरा दिवस
बाबा सांगायचे, जुने चित्रकार पानांच्या गर्दीत आपलं नाव दडवायचे. आज मीही देवदाराच्या पानांत लिहिलं, तान रुईलिन. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. आता शिक्का कुणाचाही बसो, चित्र माझं आहे. बरं वाटलं.

तिसरा दिवस
चित्रातल्या पायवाटेच्या तळाशी एक बाई उभी आहे. तांदळाच्या कणीएवढी. मी काढलेली नाही. गुरुजी कालपासून गावात नाहीत. तिचा निळा अंगरखा माझाच आहे, कोपरावरच्या ठिगळासकट.

पाचवा दिवस
ती पुलापर्यंत चढली आहे. काकूने जेवायला माझा वाडगा ठेवलाच नाही. मागितला तर दचकून म्हणाली, अगं बाई, तू कोण? थट्टा वाटली. थट्टा नव्हती. नाव सांगितलं. दोन घासांनी पुन्हा तेच विचारलं.

सहावा दिवस
गुरुजींचं कपाट उघडलं. गाजलेले पंखे. प्रत्येकात एकच माणूस, आणि प्रत्येकाच्या झाडात नाहीतर खडकात एक नाव. सतरा नावं. मागे गावाहून परतलेले गुरुजी उभे होते. शांतपणे म्हणाले, मी कुणाला लिहायला सांगत नाही बाई. नाव नाकारलं की तुम्ही सगळे हेच करता. म्हणून तर माझी माणसं जिवंत दिसतात.
हरामखोर! थंड डोक्याने सापळा लावून बसला होता.

सातवा दिवस
ओल्या फडक्याने नाव घासलं. निघत नाही. पंखा फाडायला गेले तर माझ्याच बरगडीत कळ—
पायाखालची वाट ओली लागते आहे—

दिवस कळत नाही
इथे ऊन नाही. मी काढलंच नव्हतं. धबधब्याला आवाज नाही—

वारा. सगळा डोंगर डावीकडे, मग उजवीकडे— कुणीतरी पंखा हलवतंय. वरून बाईचा आवाज. म्हणते, कू गुरुजींची ही बाई बघा तरी, केवढी चिडलेली दिसते! हात आहे की काय आहे—

त्याचा नाही! हे मी काढलंय! मी— ऐका— मी तान—

तान