आधी धाकट्याला तपासा

ताई,

हे पत्र टाकायला आता पत्ताच उरला नाही, तरी लिहितोय.

शेवटच्या आठवड्यात तू डॉक्टरीणबाईंचा हात धरून म्हणालीस, "माझं राहू द्या, आधी आमच्या धाकट्याला तपासा. लहानपणी एकाच ताटात जेवलोय आम्ही." मी वैतागलो. तुझ्या जठराच्या कॅन्सरपुढे माझी जळजळ ती काय!

तू गेल्यावर मात्र मुकाट्याने गेलो. तुझ्या जठरात सापडलेला, कॅन्सरला वाट करून देणारा तोच जंतू माझ्याही पोटात निघाला. वर साखर वाढलेली, आणि पोट तर काय, तू नगारा म्हणायचीस तेच.

"हे सगळं एकत्र आलं की धोका वाढतो," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही वेळेत आलात."

गोळ्यांनी तोंड कडूजहर व्हायचं, तरी एकही चुकवली नाही. शिलाई मशीनवरून उठून रोज चालायलाही जातो. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

आज तपासणीत जंतू गेल्याचं कळलं. दवाखान्याच्या पायरीवरूनच सवयीने तुला फोन लावला. तुझ्या लेकीने उचलला. जंतू गेल्याचं तिला सांगता सांगता रडू फुटलं.

ती हळूच म्हणाली, "मामा, रडू नकोस ना. मला कधी नेतोस तपासायला?"

उद्या सकाळी जातोय आम्ही दोघं.

तुझा भाऊ