बाबांच्या रायफलीचा दस्ता

४ मार्च

रुएदीने बाबांची रायफल डुकरांच्या खोपीत टाकली होती! भिजक्या गोणपाटात! सख्खा मोठा भाऊ माझा. बाबांनी जाताना शेत त्याला दिलं, रायफल मला — तेवढंही बघवलं नाही. महायुद्धात सरहद्दीवरच्या पहाऱ्यात ती बाबांच्या खांद्यावर होती. आता नळी गंजलेली, दस्त्याला उभी चीर.

जाब विचारला तर म्हणतो, "डुकरांची काही तक्रार नव्हती."

९ मार्च

गोळी भरायचा बोल्ट हलत नाही. तेल पाजतेय.

१७ मार्च

निघाला! सरळ मागे ओढला नि खळ्ळकन आला. नळीतून चिंध्या फिरवल्या — नुसता काळा राडा. रुएदी दुधाचे कॅन घेऊन चीजवाल्याकडे निघाला होता, दारात थांबला.

"व्रेनी, जाळ ती. चुलीत मावेल."

"तूच मावशील चुलीत!"

हसला नाही.

२ एप्रिल

चीर सरसाने भरली, शिकंज्यात आवळली. आता तळहाताने जवसाचं तेल चोळतेय. अक्रोडाचं लाकूड मधासारखं दिसायला लागलंय. मुद्दाम अंगणात उन्हाला ठेवली, रुएदीला दिसावी म्हणून. कुंपणापलीकडून बघितलं आणि थुंकला. थुंकला!

२० एप्रिल

बर्नचा बंदूकवाला म्हणाला, नळी धड आहे, खुशाल उडवा. तरी पहिला बार बाकाला बांधून, लांबून दोरी ओढून काढला. मग खांद्याला लावली. काय लाथ मारते! गोळी जरा डावीकडे जाते. नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरकवून घेतली.

३१ मे

गावची नेमबाजी. रुएदी मंडळाचा अध्यक्ष. माझं नावच पुकारेना.

"ही बंदूक मैदानावर नको." चारचौघांत!

"नियम दाखव."

नियम कुठला असायला! पोटावर झोपले, नेम धरला. सगळा राग बोटात आला होता, तरी चाप हळूच ओढला. त्याच्यापेक्षा जास्त गुण! टाळ्या पडल्या. मी दस्त्याचा मुका घेतला — त्याला झोंबावं म्हणूनच. तो उठून निघून गेला.

१ जून

रुएदी आला. बसला नाही. शर्टाची बटणं काढली. गळ्याखालचं हाड वाकडं जुळलेलं. एका घरात वाढलो, आता शेजारी राहतो, पण मी त्याला कधी उघडा पाहिलाच नव्हता.

"ती चीर डुकरांनी नाही पाडली. बाबांनी पाडली, दस्ता माझ्यावर हाणून. गाय शेजाऱ्याच्या गव्हात शिरली, एवढंच. तू पाळण्यात होतीस."

"मला कधी बोलला नाहीस?"

"तुझ्याशी चांगले वागायचे ते. म्हटलं, निदान तुला तरी बाप असू दे."

पाणी विचारायचंही सुचलं नाही मला. तो गेला.

१४ जून

बाबांना जाऊन वर्ष झालं. प्रार्थना आटोपल्यावर सगळे कबरीकडे निघाले. रुएदी चर्चमध्येच बाकावर बसून राहिला. मी कबरीसाठी आणलेली फुलं तिथेच बाकाखाली ठेवली आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.